दहा जणांची भिशी, पण बर्फावरच्या हॉकीची: मित्रांमध्ये कीपर लीग कशी चालवायची

आमच्या फँटसी लीगमधलं पहिलं भांडण ‘कीपर’ या शब्दावरूनच झालं. दुसऱ्या वर्षीच्या ड्राफ्टआधी, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायला बसण्याआधी, मी ग्रुपवर लिहिलं, ‘प्रत्येकाने आपापले चार कीपर रविवारपर्यंत कळवा.’ सांगवीकराचा लगेच उलटा प्रश्न आला, ‘माझ्याकडे दोनच आहेत, उरलेले दोन कुठून आणू?’ तो गोलकीपर मोजत बसला होता. त्याचं तरी काय चुकलं? पुण्यात वाढलेल्या माणसाला कीपर म्हटलं की एक तर स्टंपांमागचा आठवतो, नाही तर गोलपुढचा. तेव्हापासून आमच्यात ठरलंय की पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलेला तो ‘राखलेला’ आणि गोलपुढे उभा राहतो तो ‘गोली’. तुम्हीही पहिल्याच दिवशी असं काहीतरी ठरवून टाका, पुढचे बरेच मेसेज वाचतील.

दुसरा खुलासा हॉकीचा. ही पिंपरीच्या नेहरूनगरमधल्या ध्यानचंद स्टेडियमवरची हॉकी नव्हे. धनराज पिल्ले खडकीचे, त्यामुळे आमच्या खडकीवाल्याच्या आजीची अजून समजूत आहे की नातू पहाटे उठून भारताची मॅच बघतो. आमची हॉकी बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलची, म्हणजे नॅशनल हॉकी लीगची. ३२ संघ, ऑक्टोबर ते एप्रिलचा मध्य असा साखळीचा हंगाम, प्रत्येक संघाचे ८२ सामने, आणि २०२६-२७ पासून ८४. फँटसीत आपण खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ बांधतो. ते तिकडे गोल करतात, पास देतात, शॉट अडवतात, आणि इकडे आपल्या खात्यात आकडे जमा होतात. साध्या लीगमध्ये दरवर्षी पाटी कोरी होते. राखण्याच्या लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच राहतात. सगळी गंमत तिथे आहे आणि सगळी डोकेदुखीसुद्धा.

२०२१ पासून मी ही लीग चालवतेय. माझ्या मते हिला खेळ समजण्यापेक्षा भिशी समजावं. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात रक्कम उचलायची आणि मग आपला फोन उचलायचा नाही, असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. इथे तो यंदा जिंकायला पुढच्या वर्षाचे सगळे चांगले पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) विकतो आणि मे महिन्यात ‘अगं, वेळच मिळत नाही गं आता’ म्हणून निघून जातो. दुसरा नमुना डिसेंबरात दिसतो. दहाव्या नंबरावर रुतलेला माणूस लाइनअप लावायचंच, म्हणजे आज कुणाला खेळवायचं ते ठरवायचंच सोडून देतो, त्याच्याशी सामना पडला की फुकटचे गुण मिळतात, मग बाकीच्यांचाही रस जातो. आमची लीग दोनदा मोडता मोडता वाचली, आणि दोन्ही वेळा कारण तळाचा माणूस होता. म्हणून आता प्रत्येक नियम ठरवताना मी एकच बघते: शेवटच्या माणसाला पुढच्या ऑक्टोबरची वाट बघावीशी वाटेल का?

आधी माणसं

दहा जण पुरे. आठ असले तर प्रत्येकाचा संघ तारेतारकांनी भरतो आणि निवडीत चव राहत नाही. बारा असले तर गोली कमी पडतात. एनएचएलमध्ये संघ ३२, म्हणजे नियमित खेळणारे गोली साधारण तेवढेच. दहा जणांनी दोन-दोन लावले तर २० गेले, तिसरा राखीव धरला तर ३०. म्हणून एका संघात तीनच गोली हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर कुणीतरी पाच गोली कोंडून बसतं आणि मग त्यांचा भाव करतं.

हॉकी कळणारे दहा जण शोधत बसू नका, मिळणार नाहीत. आमच्यात मी आणि औंधवाला असे दोघंच टोरांटोला कामानिमित्त राहून आलेलो. बाकीच्यांना ऑफसाइड कळायला पहिला हंगाम लागला. बघायचं ते एवढंच, की माणूस तीन वर्षं राहील का आणि मेसेजला एका दिवसात उत्तर देतो का. पहिल्या वर्षी मी ‘येतो की, टाक ग्रुपमध्ये’ म्हणणारे दोघं घेतले होते. ते ग्रुपमध्ये आजही आहेत, लीगमध्ये नाहीत.

कमिशनर म्हणजे लीगचा कारभारी एकच असावा आणि त्याच्यासोबत एक उपकारभारी. उपकारभाऱ्याचं काम कमिशनरच्या स्वतःच्या व्यवहारावर नजर ठेवणं. माझा कुठलाही ट्रेड (खेळाडूंची देवाणघेवाण) औंधवाल्याने ‘ठीक’ म्हटल्याशिवाय पक्का होत नाही. यात अपमान वाटायचं काही कारण नाही. भिशीची वही ठेवणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच.

अ‍ॅप आणि संघाचा साचा

याहू सोपं आहे, नवख्यांना पटकन जमतं. फँट्रॅक्सवर राखण्याचे बारीकसारीक नियम जास्त भरता येतात, पण ते दिसायला बँकेच्या जुन्या वेबसाइटसारखं. पहिली दोन वर्षं याहू वापरा.

आमचा साचा असा आहे: दोन सेंटर, दोन डावे विंगर, दोन उजवे, चार बचावपटू, दोन गोली, एक कुठल्याही जागेचा आणि पाच बाकावर, असे एकूण १८. जखमींसाठीच्या दोन जागा वेगळ्या.

गुण मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण देऊन बेरीज करतात. दुसरीत दर आठवड्याला एकेकाशी सामना आणि प्रत्येक प्रकारात कोण पुढे ते बघतात. मी दुसरीच्या बाजूने आहे. बेरजेच्या पद्धतीत गोल करणारेच राजे होतात. प्रकारवार लढतीत अंगावर धावून जाणारा, शॉटसमोर पडणारा दांडगट बचावपटूही कामाचा ठरतो, आणि असे खेळाडू स्वस्तात मिळत असल्याने दुबळ्या संघालाही आठवड्यात दोन-तीन प्रकार जिंकता येतात.

आमचे प्रकार नऊ: गोल, असिस्ट (गोलाआधीचे पास), पॉवर प्लेमधले (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) गुण, गोलवर मारलेले शॉट, हिट्स (अंगावरच्या धडका), ब्लॉक (आडवं येऊन रोखलेले शॉट), आणि गोलींसाठी विजय, अडवलेले शॉट आणि अडवण्याची टक्केवारी. नऊ ठेवल्याने बरोबरी कमी होते. पुष्कळ ठिकाणी आयतं असणारं प्लस-मायनस आम्ही काढून टाकलं. पॉवर प्लेवरचे गोल सोडून, खेळाडू बर्फावर असताना आपला गोल झाला तर अधिक एक, समोरच्याचा झाला तर उणे एक, असा तो हिशोब. चांगला खेळाडू वाईट संघात असेल तर त्याला विनाकारण मार बसतो. अडवलेल्या शॉटची संख्या मात्र मी मुद्दाम ठेवली, कारण कमकुवत संघाच्या गोलीवर शॉटांचा पाऊस पडतो आणि त्यामुळे त्यालाही किंमत येते.

एक पळवाट आधीच बुजवा. पहिल्या वर्षी बाणेरवालीच्या गोलीने मंगळवारी एकही गोल खाल्ला नाही, टक्केवारी शंभर. तिने दोन्ही गोली आठवडाभर बाकावर बसवले आणि टक्केवारीचा प्रकार जिंकून घेतला. हुशारीच ती, पण खेळ कसला? तेव्हापासून आठवड्यात गोलींचे किमान तीन सामने झाले नाहीत तर गोलींचे तिन्ही प्रकार समोरच्याला जातात.

राखायचं कसं, किती आणि कशाच्या बदल्यात

इथे घाई करू नका. बाकीचे नियम दरवर्षी सुधारता येतात, हा बदलायचा म्हटलं तर कुणाच्या तरी खिशातून काहीतरी जातं.

संख्या: चार. दहा संघ, म्हणजे ४० खेळाडू ड्राफ्टमधून बाहेर. आठ-आठ राखले तर ८० बाहेर जातात आणि नव्या माणसाच्या वाट्याला साल उरते. एक-दोनच राखले तर साध्या लीगमध्ये आणि हिच्यात फरक काय?

किंमत: फुकट राखू देऊ नका. फुकट राखायची मुभा असेल आणि पहिल्या वर्षी कुणाला कॉनर मॅकडेव्हिड लागला, तर पुढची दहा वर्षं उरलेले नऊ जण दुसऱ्या नंबरासाठी खेळतील. या माणसाने २०२२-२३ च्या एकाच हंगामात गोल आणि असिस्ट मिळून १५३ गुण काढलेत.

आमच्याकडे खेळाडू ड्राफ्टच्या ज्या राउंडमध्ये (फेरीत) घेतला, त्याच्या दोन राउंड आधीचा पिक देऊन तो राखायचा. लेन हटसनचं उदाहरण घ्या. मॉन्ट्रिअलचा हा बचावपटू २०२२ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये ६२ वा निवडला गेला होता. आमच्या लीगमध्ये तो २०२४ साली खडकीवाल्याने १४ व्या राउंडला घेतला. त्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने ६ गोल आणि ६० असिस्ट केले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक घेतला. २०२५ ला त्याला राखायला खडकीवाल्याने १२ व्या राउंडचा पिक मोजला. २०२६ ला १० वा, २०२७ ला ८ वा. तीनदा राखून झालं की खेळाडू परत सगळ्यांच्या टोपलीत. म्हणजे चांगली पारख केलेल्याला तीन वर्षं फळ मिळतं आणि चौथ्या वर्षी बाकीच्यांना संधी.

याच हिशोबाने पहिल्या आणि दुसऱ्या राउंडचे खेळाडू राखताच येत नाहीत, कारण दोन वजा केले की राउंडच उरत नाही. मॅकडेव्हिड, मॅकिनन, कुचेरोव्ह, माकार ही मंडळी दर ऑक्टोबरला टोपलीत असतात. दहाव्या नंबरावर आलेल्याला निदान एवढी आशा असते की या वर्षी मॅकडेव्हिड मला लागेल. काही लीगमध्ये हे पटत नाही, ‘मग राखायचं काय?’ असं विचारतात. माझ्या अनुभवात खरी चुरस तिसऱ्या राउंडच्या खालच्या खेळाडूंतच असते.

आता बारीक कलमं, जी सगळी भांडणातून जन्मली:

दोन राखलेल्यांची किंमत एकाच राउंडची आली, तर त्यातला एक आणखी एक राउंड वर सरकतो. त्या राउंडचा पिक ट्रेडमध्ये विकून टाकला असेल तरी तेच, वरचा पिक मोजा. कुठलाच वरचा पिक उरला नसेल तर खेळाडू सोडा.

ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला आणि हंगामात उचललेला खेळाडू १५ व्या राउंडच्या भावाने राखता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू कुणी सोडला आणि दुसऱ्याने उचलला, तरी त्या हंगामापुरती त्याची मूळ राउंड त्याला चिकटलेली राहते. आमच्याकडे हे कलम नव्हतं. जानेवारीत कोथरूडकराचा चौथ्या राउंडचा विंगर जखमी झाला, जखमींच्या जागा भरलेल्या, म्हणून त्याने सोडला. सांगवीकराने तासाभरात उचलला आणि ऑक्टोबरला म्हणाला, ‘मी याला १५ व्या राउंडला राखणार.’ नियमाने तो बरोबर होता. कोथरूडकराने दोन महिने त्याच्या स्टेटसलाही बघितलं नाही. त्यात दुसरी भानगड अशी, की दोन मित्रांनी ठरवून एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने उचलायचं केलं, तर कुठलाही महागडा खेळाडू स्वस्त होतो.

वही

अ‍ॅपवर विसंबू नका. कोण कुठल्या राउंडला घेतला, कितीदा राखला, कुणाकडून आला, हे सगळं एका सामायिक शीटमध्ये तुम्ही स्वतः लिहा. रकाने सहा: खेळाडू, मालक, मूळ राउंड आणि वर्ष, किती वेळा राखला, पुढच्या वर्षीची किंमत, शेरा. ट्रेड झाला की खेळाडूसोबत त्याची राउंड आणि राखल्याची संख्याही नव्या मालकाकडे जाते. नाहीतर तीन वर्षं संपायच्या आदल्या दिवशी दोघं मित्र खेळाडूंची अदलाबदल करून मीटर शून्यावर आणतील. शीट सगळ्यांना दिसावी, बदलता फक्त दोघांना यावी. दर सोमवारी पाच मिनिटं दिली की भागतं. मी एकदा डिसेंबर ते मार्च दिली नव्हती, मग एक अख्खा शनिवार गेला.

नियमांचा कागद वेगळा, दोन पानांच्या आत, आणि पुणेरी पाटीच्या भाषेत. ‘योग्य तो निर्णय घेतला जाईल’ असली वाक्यं नकोत. आमचं तिसरं कलम असं आहे: ‘झोप लागली हे कारण चालणार नाही. नेट गेलं हेही नाही.’

ड्राफ्टचा रविवार

तारीख हंगामाच्या आधीच्या रविवारची. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि एनएचएल ७ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणून ५ तारीख सरळ मिळाली. दरवर्षी इतकं जुळत नाही. एनएचएलचं वेळापत्रक आलं की लगेच गणपती, पितृपक्ष, नवरात्र समोर ठेवून तारीख ठरवा. पितृपक्षात संघ निवडणार नाही म्हणणारा एक तरी निघतो. खूप लवकर ड्राफ्ट केला तर सराव सामन्यांत जखमी झालेले खेळाडू गळ्यात पडतात.

राखलेल्यांची यादी आठ दिवस आधी, रविवारी रात्री नऊपर्यंत. सगळ्यांनी कारभाऱ्याला खाजगीत पाठवायची आणि त्याने एकदम जाहीर करायची. ग्रुपवर एकेक करून टाकली तर शेवटचा माणूस बाकीच्यांचं बघून आपली बदलतो.

वेळेचा हिशोब करा. १० संघ गुणिले १८ राउंड म्हणजे १८० पिक, त्यातले ४० राखलेले, उरले १४०. प्रत्येकाला दीड मिनिट दिलं तर कमाल साडेतीन तास. आम्ही सकाळी दहाला कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो, साडेअकराला मिसळ येते, दीडपर्यंत संपवतो. दुपारी एकनंतर पुणेकराच्या निवडीवर भरवसा ठेवता येत नाही. तिसऱ्या वर्षी नवव्या राउंडला लाइट गेली, वायफाय गेलं, आणि दोन मिनिटांत अ‍ॅपने आपोआप तिघांचे पिक टाकले. त्यात औंधवाल्याला मिळाला त्याचा तिसरा गोली. आता भिंतीवर चार्ट पेपर लावतो, चिठ्ठ्या चिकटवतो, एकाच्या मोबाइलचं नेट तयार असतं, आणि वीज गेली तर घड्याळ थांबवायचा अधिकार कारभाऱ्याला.

पुण्याचं घड्याळ

टोरांटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे साडेचारला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागे सरकतात आणि तोच सामना साडेपाचला येतो, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेचार. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने सकाळी साडेसात-साडेआठला, म्हणजे चहा-पोह्यांसोबत. तारखेचा गोंधळ नवख्यांना हमखास होतो. अ‍ॅपवरचा ‘मंगळवार’ म्हणजे आपली बुधवारची पहाट. मंगळवार, गुरुवार, शनिवारी तिकडे सामन्यांची गर्दी असते, म्हणून ज्या खेळाडूंचे सामने उरलेल्या दिवशी पडतात ते जास्त उपयोगी, त्यांना बाकावर बसवायची वेळ येत नाही.

खेळाडूचा सामना सुरू झाला की त्याची जागा बंद. म्हणून लाइनअप रात्री झोपण्याआधी. पूर्वेकडच्या संघांचा सकाळचा सराव साधारण अकराच्या सुमारास होतो आणि त्यातून आज कुठला गोली खेळणार ते कळतं. थंडीत आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवण झालं की एकदा बघायचं. पश्चिमेकडच्या गोलींसाठी जागायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. संघ सलग दोन दिवस खेळत असेल तर दुसऱ्या दिवशी सहसा राखीव गोली उतरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. शनिवार-रविवारी दुपारचे सामनेही असतात, ते आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. आठवडाभर मान खाली घालून लाइनअप लावणारे नेमके तिथे फसतात.

आठवडा तिकडच्या रविवारी संपतो, म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी. हिंजवडीतल्या आमच्या तिघांची साडेदहाची मीटिंग आणि शेवटच्या सामन्याचा शेवट एकाच वेळी येतो. मॅनेजरला अजून कळलेलं नाही.

नवे खेळाडू उचलायला ‘जो आधी उठेल त्याचा’ असा नियम नको. नाइट शिफ्टवाला कायम जिंकेल. प्रत्येकाला हंगामासाठी १०० काल्पनिक रुपये द्या आणि बंद पाकिटाची बोली ठेवा. अ‍ॅपमध्ये ही सोय असते. बोली सहसा अमेरिकेतल्या मध्यरात्रीनंतर उघडते, म्हणजे आपल्या भर दुपारी. पुण्यात तेव्हा नाहीतरी कुणी काही करत नाही. आठवड्याला चारच खेळाडू उचलायची मर्यादा ठेवा.

ट्रेड

मतदान ठेवू नका. आम्ही वर्षभर ठेवलं, तर ट्रेड चांगला की वाईट हे कुणी बघेना, ‘याने माझा मागच्या वेळी अडवला होता’ एवढंच बघायचे. दोघांना मान्य असेल तर ट्रेड होणार, मग आपल्याला तो मूर्खपणाचा वाटो. अडवायचा फक्त उघड संगनमत असेल तेव्हा, आणि तो अधिकार दोघा कारभाऱ्यांचा.

पुढच्या वर्षाचे पिक विकता येतील, पण फक्त पुढच्याच वर्षाचे आणि जास्तीत जास्त दोन. जितके दिले तितके परत घ्यायचे, म्हणजे चौथ्याच्या बदल्यात नववा असं. त्यामुळे ड्राफ्टला सगळ्यांचे १८ भरतात आणि भिशी उचलून पळणारा फार मोठं भगदाड पाडू शकत नाही.

ट्रेडची शेवटची तारीख फेब्रुवारीअखेर. एनएचएलची स्वतःची मुदत मार्चच्या सुरुवातीला असते, पण मार्चमध्ये आयपीएलचे वारे वाहू लागले की आमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष उडतं. बाद झालेला माणूस जाता जाता दोस्ताला खेळाडू देऊन टाकतो, ते फेब्रुवारीतच रोखलेलं बरं.

शेवटचा नंबर

तळाच्याला पहिला पिक दिला तर लोक मुद्दाम हरतात. एनएचएलने याच कारणाने १९९५ पासून आपल्या ड्राफ्टला सोडत लावली. आम्ही सोडतीपेक्षा वेगळं केलं. पहिले सहा बाद फेरीत जातात, उरलेले चार आपसात वेगळी स्पर्धा खेळतात, आणि ती जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षीचा पहिला पिक. मॅकडेव्हिड राखता येत नाही हे आठवतंय ना? म्हणजे तो पिक सोन्यासारखा. आमच्याकडे मार्चअखेरीला सातव्या आणि नवव्या नंबरातली लढत अंतिम सामन्यापेक्षा जास्त अटीतटीची होते. दहावा माणूस डिसेंबरात संघ सोडून देत नाही, उलट तेव्हापासून बांधायला घेतो.

अंतिम सामना एनएचएलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नका. जागा पक्की झालेले संघ तेव्हा मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. एक आठवडा आधी संपवा.

हंगामच थांबला तर काय, हेही आत्ताच लिहा. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला होता आणि १२ मार्च २०२० ला करोनाने खेळ थांबवला. आमचं कलम: दोन तृतीयांश आठवडे झाले असतील तर वरचा विजेता. नसतील तर विजेता नाही आणि त्या वर्षीचं राखणं मोजायचं नाही.

पैसे

लावू नका. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आलीय, आणि फँटसीही त्यात येते. तसंही दहा मित्रांत पैसे आले की प्रत्येक नियमाचा कीस पडतो. आमच्याकडे पितळेचा फिरता पेला आहे, त्यावर नावं कोरतो. सगळ्यात शेवटी आलेल्याला महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर ही पाटी डीपी म्हणून ठेवावी लागते: ‘येथे गोल मिळणार नाहीत. चौकशी करू नये.’

जून

स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची बाद फेरी, जूनमध्ये संपतो. त्यानंतर एक संध्याकाळ बसा. नियम बदलायला दहापैकी सात मतं हवीत, आणि राखण्याच्या किमतीशी संबंधित कुठलाही बदल एक वर्ष सोडून लागू. लोकांनी जुन्या नियमावर भरवसा ठेवून खेळाडू घेतलेले असतात.

कोण राहणार, कोण जाणार, तेही त्याच दिवशी तोंडावर विचारा. जाणाऱ्याला थांबवू नका, पण सप्टेंबरात सांगू देऊ नका. त्याचा संघ जसाच्या तसा नव्या माणसाला द्यायचा, आणि त्याला पहिल्या वर्षापुरता पाचवा खेळाडू राखायची मुभा. गेल्या वर्षी सोडून गेलेल्याच्या मोडक्या संघावर खडकीवाल्याची बहीण आली. पाच राखले, पहिला पिक तिच्याकडे नव्हता, आठव्या राउंडनंतर कुणाला ठाऊक नसलेले दोन पोरगे घेतले. सध्या ती चौथी आहे, आणि भावाला दर सोमवारी सकाळी अकराला घरच्या ग्रुपवर गुणफलक पाठवते. आजीलाही.